गहुंज्यात तुटलेल्या दोन साखळ्या

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाला लागून असलेल्या गहुंज्याच्या मैदानावर फेब्रुवारी २०१७ मध्ये पहिलीच कसोटी झाली. त्याआधीच्या सलग १९ कसोट्यांत भारत एकदाही हरला नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफ या डावखुऱ्या फिरकीपटूनं दोन्ही डावांत ३५ धावांत ६-६ बळी घेतले, भारताचे डाव १०५ आणि १०७ वर आटोपले आणि तिसऱ्याच दिवशी ३३३ धावांनी पराभव झाला. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा तेच मैदान, पुन्हा तिसरा दिवस आणि पुन्हा डावखुरा फिरकीपटू. या वेळी न्यूझीलंडचा मिचेल सँटनर, सामन्यात १३ बळी. भारत ११३ धावांनी हरला आणि २०१३ पासून घरच्या मैदानांवर सलग १८ मालिका जिंकण्याचा विक्रम तिथे थांबला. याआधीचा जागतिक विक्रम ऑस्ट्रेलियाचा होता, सलग १० मालिकांचा. म्हणजे भारतानं तो नुसता मोडला नव्हता, जवळपास दुप्पट केला होता.

लगेच कुणीतरी म्हणतंच, गहुंजं अपशकुनी आहे. पण मधल्या काळात, २०१९ मध्ये, याच मैदानावर विराट कोहलीनं नाबाद २५४ धावा केल्या होत्या आणि दक्षिण आफ्रिका डावानं हरली होती. तेव्हा शकुनाचं राहू द्या. मला यात वेगळीच गोष्ट मजेदार वाटते. २०१७ च्या पराभवानं एक साखळी तुटली, पण त्याच पराभवानं दुसरी तुटली नाही. भारत ती कसोटी हरला, तरी ती मालिका २-१ अशी जिंकला. त्यामुळे सामन्यांची मोजणी शून्यावर आली आणि मालिकांची मोजणी पुढे सरकत राहिली. संघ तोच आणि हार तीच होती, फरक फक्त काय मोजायचं यात होता.

(एक खुलासा. मराठीत ‘मालिका’ म्हणजे तीन-पाच सामन्यांची सिरीजही आणि सलग घडणाऱ्या गोष्टींची रांगही. घोळ नको म्हणून इथे सलगतेला ‘साखळी’ म्हणतो.)

साखळीचं गणित मुळात गुणाकाराचं आहे. समजा, एखादा संघ शंभरातले ८० सामने जिंकतो. हा जबरदस्त संघ झाला. सलग दोन सामने जिंकण्याची त्याची शक्यता ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ६४ टक्के. तीन सलग, ५१ टक्के. आणि १८ सलग? दोन टक्क्यांहूनही कमी. प्रत्येक पायरीवर थोडंसंच गळतं, पण गळून उरलेल्यातून पुन्हा गळतं. भोक पडलेल्या बादलीनं लांबून पाणी आणायचं तसा हा प्रकार.

आता त्याच संघाला एकेका सामन्याऐवजी तीन सामन्यांची मालिका खेळू द्या. तीनपैकी दोन जिंकले की मालिका खिशात. एक हार माफ. मग एक मालिका जिंकण्याची शक्यता ८० वरून ९० टक्क्यांच्या जवळ जाते. पाच सामन्यांची मालिका असेल तर ९४ टक्के. वाटतं, फरक दहा-चौदा टक्क्यांचाच तर आहे. पण तो १८ वेळा गुणा. सुट्या सामन्यांची साखळी १८ पर्यंत जाण्याची शक्यता २ टक्क्यांखाली होती, तीन सामन्यांच्या मालिकांची ती १४ टक्क्यांच्या आसपास जाते आणि पाच सामन्यांच्या मालिकांची ३४ टक्क्यांवर. संघ एका कणानंही सुधारलेला नाही. फक्त एकक मोठं झालं आणि त्या मोठ्या एककानं वाईट दिवस पोटात घेतले.

हा कच्चा हिशोब आहे. यात अनिर्णित सामने नाहीत, प्रतिस्पर्धी बदलत नाहीत. खऱ्या १८ मालिकांमध्ये तर बांगलादेश आणि अफगाणिस्तानविरुद्धच्या एकेका कसोटीच्या ‘मालिका’ही मोजलेल्या आहेत. पण मुद्दा खऱ्या आकड्यांतही दिसतो. त्या जवळजवळ १२ वर्षांत भारत घरी चार कसोट्या हरला. पुणे २०१७, चेन्नई २०२१, इंदूर २०२३, हैदराबाद २०२४. चारही वेळा मालिका हातात राहिली. २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध तीनच कसोट्या होत्या आणि पहिली बंगळूरची कसोटी ४६ धावांत गुंडाळून घेऊन आपण घालवून बसलो होतो. माफीची एकच चिठ्ठी होती, ती वापरून झाली होती. गहुंज्याला जाताना बादली रिकामीच होती म्हणा ना.

यात खेळपट्टीचाही हात आहे, निदान माझं तसं मत आहे. चेंडू पहिल्या दिवसापासून हातभर वळायला लागला की चांगला फिरकीपटू आणि साधारण फिरकीपटू यांच्यातलं अंतर कमी होतं. सामना छोटा होतो, चेंडू कमी टाकले जातात, आणि जितके चेंडू कमी तितकी नशिबाची ढवळाढवळ जास्त. तगड्या संघाला खरं तर लांबलचक, कंटाळवाणा सामना परवडतो. आपण आपल्या सोयीसाठी आखाडा बनवतो आणि पाहुण्यांच्या डावखुऱ्यांना मेजवानी देतो.

आता याहून मोठ्या साखळीकडे येऊ. मुंबईनं १९५८-५९ ते १९७२-७३ असा सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला. पंधरा वर्षांत शाळेत गेलेलं पोर दहावी होऊन बाहेर पडतं. तेवढा काळ दुसऱ्या कुणाला करंडक मिळालाच नाही. गणितानं पाहिलं तर सलग १५ विजेतेपदांची शक्यता निम्मी-निम्मी यावी, एवढ्यासाठीसुद्धा दर वर्षी जिंकण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर लागते. मुंबई तेवढी चांगली होती का? चांगली होतीच. १९७०-७१ मध्ये अजित वाडेकर, सुनील गावसकर, दिलीप सरदेसाई, एकनाथ सोलकर वेस्ट इंडीजमध्ये होते, तरी सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुंबईनं करंडक राखला. पहिली फळी विमानात बसून गेली तरी दुसरी फळी जिंकते, हे दादर-माटुंग्याच्या मैदानांचं देणं.

पण नियमही सोबतीला होते आणि त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही. रणजीत १९५७-५८ पासून विभागातले सामने लीग पद्धतीनं होऊ लागले. त्याआधी हरला की घरी. लीग आल्यावर पश्चिम विभागात एखादा सामना फसला तरी सावरायला जागा राहिली, आणि मुंबईची साखळी सुरू झाली बरोबर पुढच्या वर्षी. शिवाय १९७० पर्यंत प्रत्येक विभागातून एकच संघ बाद फेरीत जायचा. पश्चिम विभाग जिंकला की करंडकापर्यंत मोजकेच सामने उरायचे. दुसरी गोष्ट, रणजीचा बाद फेरीतला सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जातो. म्हणजे मुंबईला समोरच्याला दोनदा बाद करायची सक्ती नव्हती. पहिल्या डावात मोठी धावसंख्या उभारायची आणि विकेट फेकायची नाही, बस्स. ज्याला आपण कौतुकानं ‘खडूस’ म्हणतो ती मुंबईची फलंदाजी या नियमाला किल्लीसारखी बसली होती.

१९७०-७१ पासून प्रत्येक विभागातून दोन संघ बाद फेरीत जाऊ लागले. म्हणूनच त्या वर्षी अंतिम सामना मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात होऊ शकला, दोघंही पश्चिम विभागाचे. मुंबई ४८ धावांनी जिंकली. वाट मात्र लांबली होती. १९७२-७३ चा अंतिम सामना मद्रासच्या चेपॉक मैदानावर पद्माकर शिवलकरांनी ८ बळी १६ धावांत आणि ५ बळी १८ धावांत घेऊन तिसऱ्या दिवसाच्या पहिल्या चेंडूवर संपवला. त्याच्या पुढच्या हंगामात, बंगळूरच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकनं मुंबईला बाहेर काढलं. कशाच्या जोरावर? पहिल्या डावातल्या आघाडीच्या.

इथपर्यंत मी कौशल्य आणि नियम यांच्याबद्दल बोललो. निव्वळ नशिबाची साखळी कशी दिसते, तेही बघायला हवं. नाणेफेकीहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही. २०२३ च्या विश्वचषकाच्या अहमदाबादच्या अंतिम सामन्यापासून भारत एकदिवसीय सामन्यांत सलग २० नाणेफेकी हरला. रोहित शर्मा हरला, के. एल. राहुल हरला, शुभमन गिल हरला. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये विशाखापट्टणमला राहुलनं एक जिंकली, तेव्हा सगळे असे हसले जणू सामनाच जिंकला. सलग २० वेळा हरण्याची शक्यता साधारण साडेदहा लाखांत एक. ऐकून वाटतं, काहीतरी काळंबेरं आहे.

नाही. लॉटरीचं पहिलं बक्षीस कुणाला तरी लागतंच. शेजारच्या काकांना लागणार असं आपण आधी सांगितलं असतं आणि ते लागलं असतं, तर नवल. किती देश, किती वर्षं, कसोटी-वनडे-ट्वेंटी-२० असे किती प्रकार, जिंकण्याच्या आणि हरण्याच्या अशा दोन्ही साखळ्या, या सगळ्यांत कुठे ना कुठे काहीतरी विचित्र घडणारच. घडलं की आपण तिकडे बोट दाखवतो. घरी एक प्रयोग करा. नाणं शंभर वेळा उडवा आणि लिहून ठेवा. कुठेतरी सलग सहा छापे किंवा सलग सहा काटे येण्याची शक्यता सुमारे ८० टक्के आहे. आणि कुणाला नाणं न उडवता ‘मनानं’ शंभर छापे-काटे लिहायला सांगा. तो सहसा एवढी लांब रांग लिहायला धजत नाही, कारण ती त्याला खोटी वाटते. खऱ्या योगायोगाला मात्र असली लाज नसते.

जाता जाता, त्या २० पराभूत नाणेफेकींमध्ये २०२५ ची अख्खी चॅम्पियन्स ट्रॉफी येते. पाच सामने, पाचही वेळा नाणेफेक गमावली, पाचही सामने जिंकले.

मग खेळाडूचा ‘हात बसतो’, ‘लय सापडते’ असं आपण म्हणतो, तो भासच का? १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोनी आणि ट्वर्स्की या तीन संशोधकांनी बास्केटबॉलपटूंच्या बास्केटचा हिशोब मांडून सांगितलं की हो, भासच. सलग बास्केट टाकल्यानंतर खेळाडूची पुढची बास्केट पडण्याची शक्यता काही वाढत नाही. हा निष्कर्ष पुढे तीस वर्षं दाखले देण्यासाठी वापरला गेला. प्रशिक्षक चिडले, प्राध्यापक हसले. मग जोशुआ मिलर आणि अ‍ॅडम सांजुर्जो या संशोधकांनी त्या हिशोबातच एक बारीक चूक दाखवली. ती इतकी गोड आहे की थांबून बघू या.

नाणं तीन वेळा उडवा. आठ प्रकारे निकाल लागू शकतो. प्रत्येक प्रकारात एकच प्रश्न विचारा, छाप पडल्यानंतर लगेच पुन्हा छाप किती वेळा पडला? शेवटच्या उडीनंतर काही नसतं, म्हणून ती सोडायची. ‘काटा काटा काटा’ आणि ‘काटा काटा छाप’ यांत प्रश्नच उद्भवत नाही. उरले सहा. तिन्ही छाप असतील तर १०० टक्के. ‘काटा छाप छाप’, १०० टक्के. ‘छाप छाप काटा’, ५० टक्के. बाकी तिघांत शून्य. सहांची सरासरी काढा. ५० टक्के यायला हवी ना? येते जेमतेम ४२ टक्के. नाणं अगदी सरळ आहे, तरीही छोट्या छोट्या नोंदींची अशी सरासरी काढली की ‘छापानंतर छाप’ कमीच दिसतो. मग खेळाडूच्या नोंदीत ती ५० टक्के आली, तर त्याचा अर्थ त्याचा हात थोडासा का होईना बसलेला होता. म्हणजे प्रशिक्षक अगदीच खोटे नव्हते. लय असते, पण प्रेक्षकांना वाटते तेवढी मोठी नसते.

हंगामी विक्रमांचा स्वभाव साखळीहून निराळा. तिथे एका चुकीनं सगळं शून्यावर येत नाही, बेरीज चालू राहते. त्यामुळे तिथला कळीचा प्रश्न असा की संधी किती मिळाल्या. इंग्लंडच्या डेनिस कॉम्प्टननं १९४७ च्या एका उन्हाळ्यात प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ३८१६ धावा केल्या, १८ शतकांसह. (हा कॉम्प्टन आपल्याला परका नाही. युद्धकाळात लष्करी नोकरीत इकडे असताना १९४५ मध्ये होळकर संघाकडून त्यानं ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबईविरुद्ध रणजीच्या अंतिम सामन्यात नाबाद २४९ केल्या होत्या. मुंबई तरीही जिंकली.) १९४७ मध्ये त्याला ५० डाव मिळाले. आज कौंटी चॅम्पियनशिपमध्ये एका संघाचे सामने १४, म्हणजे फार तर २८ डाव. तेवढ्यात ३८१६ करायचे तर प्रत्येक डावात सरासरी १३६ हव्यात. तो विक्रम कुणी फलंदाज मोडू शकत नाही असं नाही, वेळापत्रकच मोडू देत नाही. इंग्लंडचा फिरकीपटू टिच फ्रीमनचे १९२८ च्या हंगामातले ३०४ बळीही तसेच, कुलूप लावून ठेवल्यासारखे.

आयपीएलमध्ये विराटच्या २०१६ च्या ९७३ धावा मात्र वेगळ्या. १६ सामने, चार शतकं. नंतर संघ आठाचे दहा झाले, सामने वाढले, पण एका संघाला मिळणारे लीग सामने १४ च राहिले. पुढच्या फेऱ्या धरून जास्तीत जास्त १७. शुभमन गिलनं २०२३ मध्ये ते १७ खेळून ८९० केल्या. दार उघडं आहे, पण कुणी आत आलेलं नाही. विराटच्या त्याआधीच्या हंगामात ५०५ धावा होत्या आणि नंतरच्या, खांद्याच्या दुखापतीनं कातरलेल्या हंगामात ३०८. लोक म्हणाले, घसरला. पण ९७३ होण्यासाठी कौशल्य, तब्येत, खेळपट्ट्या, सुटलेले झेल असं सगळं एकाच वर्षी एका बाजूला कलावं लागतं. पुढच्या वर्षी ते पुन्हा तसंच कलण्याचं काही कारण नसतं. त्याला घसरण म्हणायचं तर मग नेहमीच्या पातळीला आपण काय म्हणणार?

साखळीत आणखी एक गोम असते, उंबरठ्याची. वेस्ट इंडीजच्या एव्हर्टन वीक्सनं मार्च १९४८ ते जानेवारी १९४९ या काळात लागोपाठ पाच कसोटी डावांत शतकं केली. पहिलं जमैकात, मग दिल्लीत, मग मुंबईत १९४, मग कलकत्त्यात दोन्ही डावांत. मद्रासला सहाव्या डावात तो ९० वर धावबाद झाला. ९० धावा म्हणजे अपयश नव्हे, पण मोजणी शंभराची होती. बेसबॉलमध्ये याच्या उलट. तिथे जो डिमॅजिओची १९४१ ची ५६ सामन्यांची साखळी ‘सामन्यात निदान एक हिट’ (म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेसवर पोचणं) अशी मोजलेली आहे. एक मिळाली की त्या दिवसाचं काम झालं. त्याच हंगामात टेड विल्यम्सची सरासरी (दर प्रयत्नामागे हिट) ०.४०६ होती आणि डिमॅजिओची ०.३५७. प्रयत्नांच्या प्रमाणात जास्त वेळा चेंडू सुरक्षित मारला विल्यम्सनं, पण त्याच्या हिट सामन्यासामन्यांत अशा समान वाटल्या गेल्या नाहीत. ५६ ला साखळी तुटली आणि त्यानंतर डिमॅजिओनं लगेच पुढच्या सलग १६ सामन्यांत हिट मिळवल्या. मध्ये फक्त क्लीव्हलंडची एक रात्र रिकामी गेली.

आणि मोजणीचं एकक बदललं की विक्रमवीरच बदलतो, याचं उत्तम उदाहरण नाशिकचं आहे. बापू नाडकर्णी. जानेवारी १९६४, मद्रास, समोर इंग्लंड. बापूंनी सलग २१ षटकं निर्धाव टाकली. सलग निर्धाव षटकांचा हा विक्रम आजही त्यांच्या नावावर आहे. पण चेंडू मोजले तर त्या टप्प्यात धाव न देता पडलेले सलग चेंडू होतात १३१, आणि दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफील्डनं १९५६-५७ मध्ये डर्बनला इंग्लंडविरुद्धच असे १३७ चेंडू टाकले होते. मग टेफील्डची निर्धाव षटकं कमी कशी? कारण तेव्हा दक्षिण आफ्रिकेत षटक आठ चेंडूंचं असायचं. षटकं मोजा, बापू पहिले. चेंडू मोजा, टेफील्ड पहिला. दोन्ही विक्रम खरे आहेत.

बापूंच्या बाबतीत मात्र नशिबाचा वाटा शोधायला मला जड जातं. सरावाला ते खेळपट्टीवर एक नाणं ठेवायचे आणि चेंडू त्यावर टाकत राहायचे. वर सांगितलेल्या नाण्यापेक्षा हे नाणं फार निराळं, ते हवेत उडवायचं नव्हतंच. त्या डावाच्या शेवटी धावफलकावर त्यांच्या नावापुढे ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा आणि शून्य बळी असं लागलं. सामना अनिर्णित राहिला.